सगळ्यांना ठाऊक होतं



आजचा विषय जड आहे, म्हणून आधीच सांगतो. शाळेतल्या मास्तरानं विद्यार्थिनीचं किंवा विद्यार्थ्याचं लैंगिक शोषण केलं आणि ते वर्षानुवर्षं दडून राहिलं, अशा घटनांचा हा इतिहास आहे. रेडिओवरचं हे बोलणं तुम्ही गटात मोठ्यानं वाचणार असाल, तर आधी एकीनं मनात वाचून घ्या. बसलेल्यांपैकी एखादीच्या जुन्या जखमेला धक्का लागू शकतो. ती उठून गेली तर जाऊ द्या. का गेलीस, असं चारचौघींत विचारू नका.

या विषयाचं वाचन करताना एक वाक्य आम्हाला सारखं भेटत राहिलं. देश कुठलाही असो, शाळा गरिबांची असो की श्रीमंतांची, प्रकरण उघड झालं की आजूबाजूची माणसं म्हणतात, “तसं सगळ्यांना ठाऊक होतं.” मग प्रश्न पडतो. सगळ्यांना ठाऊक होतं, तर थांबलं का नाही? आमचं उत्तर असं आहे की ठाऊक असणं वेगळं आणि नोंद होणं वेगळं. कुजबुज कितीही मोठी झाली तरी ती कागदावर येत नाही, आणि कागदावर न आलेल्या गोष्टीला कुणी जबाबदार नसतं. कुजबुजीची नोंद कशी झाली, कुणी केली आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते आज बघू.

ओवी, टेप आणि मोबाइल

बाईनं आपलं दुःख सांगायची जागा शोधणं नवीन नाही. आपल्या गंगाखेडची संत जनाबाई जात्याशी बसून विठ्ठलाशी बोलायची, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यानंतरच्या कितीतरी पिढ्यांनी जात्यावर तेच केलं. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हॅ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. सासर, माहेर, भाऊ, भूक, मार, सगळं त्यात आहे. ओवीनं मन हलकं होतं. शेजारच्या जात्यावरची बाई ऐकते आणि तिलाही आपण एकटी नाही असं वाटतं. पण ओवी ऐकून कुणी पंचनामा करत नाही.

आवाज मुद्रित करायचं यंत्र आलं आणि सांगणं साठवता येऊ लागलं. त्यातलं सगळ्यात नवं रूप म्हणजे पॉडकास्ट. पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर साठवलेला रेडिओसारखा कार्यक्रम. रेडिओ लागेल त्या वेळी ऐकावा लागतो. पॉडकास्ट भाकरी थापताना, कापूस वेचताना, एसटीत बसल्यावर, हवा तेव्हा ऐकता येतो. पोथीचे अध्याय असतात तसे त्याचे भाग असतात, आज एक तर पुढच्या आठवड्यात दुसरा. काही पत्रकार या साधनाचा वापर शोध घेण्यासाठी करतात. जुने कागद काढायचे, त्या काळातली माणसं गाठायची आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच आवाजात ऐकवायचं. एक भाग ऐकून कुणीतरी फोन करतं, “मलाही काही सांगायचंय.” त्यातून पुढचा भाग उभा राहतो.

शिक्षकांनी केलेल्या शोषणाचा असा शोध घेणारा सगळ्यात गाजलेला पॉडकास्ट ऑस्ट्रेलियातला आहे. त्याची गोष्ट जरा नीट समजून घेऊ, कारण तिच्यात फायदाही दिसतो आणि धोकाही.

मास्तरांची लाडकी

सिडनी शहराच्या उत्तरेला समुद्रकाठी एक वस्ती आहे. तिथल्या सरकारी हायस्कुलात ख्रिस डॉसन नावाचा पीटीचा मास्तर होता. रग्बीचा नावाजलेला खेळाडू, म्हणून गावात वजन. १९८० साली त्यानं आपल्याच शाळेतल्या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीला जाळ्यात ओढलं. त्याला बायको होती, लिनेट. दोन लहान मुली होत्या. ती विद्यार्थिनी त्या मुलींना सांभाळायला घरी यायची. १९८२ च्या जानेवारीत लिनेट नाहीशी झाली. नवरा म्हणाला, तिला जरा एकटं राहायचं होतं म्हणून ती निघून गेली. काही दिवसांतच ती विद्यार्थिनी त्या घरात राहायला आली. १९८४ साली त्यानं तिच्याशी लग्न केलं.

शाळेत कुजबुज होती, शेजारात होती. पण लिनेट मुली सोडून गेली या गोष्टीवर तेव्हा कुणी फारसे प्रश्न विचारले नाहीत. पुढे २००१ आणि २००३ साली, असं दोनदा, मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नवऱ्यावर खुनाचा खटला भरावा अशी शिफारस केली. सरकारी वकिलांनी दोन्ही वेळा पुरावा पुरेसा नाही म्हणून खटला भरला नाही.

२०१८ साली ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राचे पत्रकार हेडली थॉमस यांनी यावर पॉडकास्ट सुरू केला. नाव होतं ‘द टीचर्स पेट’, म्हणजे मास्तरांची लाडकी. त्या नावातच किती भरलंय बघा. मास्तरानं केलेल्या गोष्टीचं नाव पोरीला पडतं. ती लाडकी होती, ती नटायची, ती त्याच्या मागे होती. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात काय असतं आणि परीक्षेचे मार्क, शाबासकी, शिक्षा, सगळं ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे काय असतं, हा हिशोब कुणी मांडत नाही.

हा पॉडकास्ट लाखो लोकांनी ऐकला. त्या भागातल्या शाळांत शिकलेल्या, आता पन्नाशीच्या पुढे गेलेल्या बाया बोलू लागल्या. एकाच मास्तरापुरती ही गोष्ट नव्हती असं दिसू लागलं. पोलिसांनी त्या भागातल्या शाळांमधल्या जुन्या शोषणाच्या तपासासाठी खास पथक नेमलं. २०१८ च्या डिसेंबरात डॉसनला अटक झाली. २०२२ साली कोर्टानं त्याला लिनेटच्या खुनाबद्दल दोषी ठरवून २४ वर्षांची शिक्षा दिली. २०२३ साली त्या विद्यार्थिनीच्या शोषणाबद्दलही तो दोषी ठरला आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा १९८० चा, निकाल २०२३ चा. मध्ये ४३ वर्षं गेली. लिनेटचा मृतदेह अजून मिळालेला नाही.

आता दुसरी बाजू. इतक्या लोकांनी ही मालिका ऐकली, की आता निःपक्ष खटला कसा चालेल, असा प्रश्न आरोपीच्या वकिलांनीच उभा केला. २०१९ साली ऑस्ट्रेलियात हा पॉडकास्ट बंद ठेवावा लागला. २०२० साली कोर्टानं खटला काही महिने थांबवला. तिकडे अशा खटल्यात सामान्य नागरिकांची ज्युरी बसते. इथे ज्युरीशिवाय एकट्या न्यायाधीशांपुढे खटला चालवला गेला. ज्या आवाजानं दार उघडलं, त्याच आवाजामुळे ते बंद व्हायची वेळ आली होती. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एवढ्या गाजावाजातही कोर्टानं त्या विद्यार्थिनीचं नाव झाकून ठेवलं. कोर्टात तिचा उल्लेख फक्त दोन अक्षरांनी झाला.

२०२२ सालीच ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओवर ‘इन डार्क कॉर्नर्स’ ही मालिका आली. पत्रकार ॲलेक्स रेंटन यांनी तिथल्या श्रीमंतांच्या निवासी शाळांमधल्या शोषणाचा शोध घेतला होता. त्यानंतर निकी कॅम्पबेल या नामांकित रेडिओ निवेदकानं एडिनबरातल्या आपल्या शाळेत लहानपणी काय सोसलं आणि काय पाहिलं, ते जाहीर सांगितलं. तो तेव्हा साठीला आलेला होता. त्याच्यामागून त्याच शाळेतले कितीतरी पुरुष बोलू लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अजूनही वाटतं की ही भीती फक्त लेकींची आहे. लेकांनाही तेच सोसावं लागतं, आणि त्यांना तर सांगायला शब्दही शिकवलेले नसतात.

चार शिक्षकांचं पत्र

आता आपल्या राज्यात येऊ. आपल्याकडे हे बंद दार ठोठावलं ते पत्रानं, मोर्चानं आणि फोनच्या एका नंबरानं.

१९७२ च्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. ‘मथुरा खटला’ म्हणून हे प्रकरण देशभर ओळखलं जातं. खालच्या कोर्टानं १९७४ साली पोलिसांना सोडलं. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता.

१९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. घाबरून गप्प राहणं म्हणजे होकार देणं नव्हे. पोलीस ठाण्यात, रात्री, गणवेशातल्या माणसांसमोर गरीब मुलगी ओरडणार ती कुणाच्या भरवशावर? ते पत्र हातोहात फिरलं. १९८० साली मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा शहरांत बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग, बालगृह, महिलागृह, दवाखाना अशा ठिकाणी ज्याच्या ताब्यात बाई आहे, त्यानं बलात्कार केला तर शिक्षा जास्त, असं ठरलं.

ती यादी नीट पाहिली तर तिच्यात एक शब्द सापडत नाही, तो म्हणजे शिक्षक. लेकरं दिवसाचे पाच-सहा तास ज्याच्या हवाली असतात, त्याचा वेगळा उल्लेख १९८३ च्या कायद्यात नव्हता. १८६० च्या दंडसंहितेतही नव्हता. बाईच्या विनयभंगाचं कलम होतं, बलात्काराचं होतं. पण लहान लेकराला नको तिथे हात लावणं, घाणेरडे फोटो दाखवणं, याला नेमकं नाव नव्हतं. मुलग्यांसाठी तर जवळजवळ काहीच नव्हतं. ज्या गुन्ह्याला कायद्यात शब्द नाही, तो फौजदारापुढे सांगायचा कसा?

हा शब्द आला २०१२ मध्ये. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. अठरा वर्षांखालचं प्रत्येक लेकरू, मुलगी असो की मुलगा, त्यात येतं. शिक्षणसंस्थेतल्या माणसानं त्याच संस्थेतल्या लेकरावर केलेला गुन्हा जास्त गंभीर मानला जातो. पुढच्या वर्षी, दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, २०१३ च्या दुरुस्तीनं दंडसंहितेच्या बलात्काराच्या कलमातही नातेवाईक आणि पालक यांच्या जोडीला ‘शिक्षक’ हा शब्द स्पष्ट लिहिला गेला. १८६० पासून मोजलं तर त्याला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

कायदा आला तरी वाद संपले नाहीत. २०२१ च्या जानेवारीत नागपूर खंडपीठानं एका प्रकरणात म्हटलं, की कपड्यावरून छातीला हात लावला, अंगाला अंग लागलं नाही, म्हणून पोक्सोतला लैंगिक हल्ला होत नाही. देशभर आवाज उठला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं हा निकाल फिरवला. वाईट हेतूनं केलेला स्पर्श हा गुन्हाच, मध्ये कापड असो वा नसो. “नुसता हात तर लावला” असं कुणी तुमच्यासमोर म्हणालं, तर हा निकाल सांगा.

एक नंबर, सहा मुली

१९९६ साली मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेतून मुलांसाठी एक मोफत फोन सुरू झाला. नंबर १०९८. रस्त्यावरची, स्टेशनवरची लेकरं अडचणीत आली तर त्यांनी कुणाला सांगावं, या प्रश्नातून तो निघाला. पुढे तो देशभर पोचला. २०२३ पासून तो सरकारमार्फत चालतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये या नंबराचं मोल कळलं. तो महिना तुम्हाला आठवत असेल. बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन चिमुकल्यांवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केल्याचं प्रकरण उघड झालं. मुलीच्या आईला तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावं लागलं. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्टेशनात रेल्वे अडवली. दोनच दिवसांत हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळेनं माहिती असून पोलिसांना का कळवलं नाही, असा सवाल केला. कारण पोक्सो कायद्यात कळवणं ही मर्जीची गोष्ट नाही, ते बंधन आहे.

त्याच सुमारास अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या काजीखेड गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकाला अटक झाली. आठवीतल्या सहा मुलींना मोबाइलवर अश्लील चित्रफिती दाखवल्याचा आणि त्यांच्याशी गैरवर्तन केल्याचा आरोप होता, आणि तोही काही महिन्यांपासूनचा. मुलींची गोष्ट टोल फ्री नंबरवरून बालकल्याण समितीपर्यंत पोचली. समितीची माणसं शाळेत आली, मुलींशी बोलली आणि मग पोलिसांत तक्रार झाली. तिथे रेल्वे अडवावी लागली नाही. एका फोनमुळे कुजबुजीची नोंद झाली.

२०२५ च्या जूनमध्ये आपल्या शेजारच्या बीड शहरात एका खासगी शिकवणीच्या शिक्षकांवर अल्पवयीन विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा दाखल झाला. नीटची, दहावी-बारावीची तयारी करायला आपल्या मुली बीड, लातूर, नांदेड, परभणीला राहतात. पैसे भरून पाठवलं म्हणजे जबाबदारी संपली, असं मानता येत नाही.

परभणीत गप्प बसण्याची किंमत

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. केंद्र सरकारच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायांपैकी ४८ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा शंभरात २२ च्या आसपास होता. महाराष्ट्रात सगळ्यात वरचा आकडा आपला होता.

बालविवाहाची कारणं आपल्याला तोंडपाठ आहेत. ऊसतोडीला जायचं तर वयात आलेली पोर कुणाकडे ठेवायची? लहानपणी लग्न लावलं तर हुंडा कमी पडतो. गावात पुढचे वर्ग नाहीत आणि एसटी वेळेवर येत नाही. पण या यादीत एक कारण असं आहे, जे कुणी मोठ्यानं बोलत नाही. शाळेत काही झालं, वाटेत कुणी छेडलं, मास्तरांबद्दल काही कानावर आलं, की घरात पहिला निर्णय होतो, उद्यापासून शाळा बंद. दुसरा निर्णय होतो, स्थळ बघा. मास्तर मात्र शाळेतच राहतो. फार बोभाटा झाला तर त्याची बदली होते. बदली म्हणजे शिक्षा नव्हे. तिथे दुसऱ्या गावची लेकरं असतात.

पोरीला हे कळत नाही असं समजू नका. सांगितलं तर शाळा सुटेल आणि लग्न लागेल, हे तिला पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती सांगत नाही. सिडनीच्या त्या शाळेत मुली गप्प बसल्या, त्याची कारणं वेगळी असतील. आपल्याकडच्या गप्प बसण्याचं एक मोठं कारण आपण स्वतः तयार केलेलं आहे, आणि म्हणून ते मोडणंही आपल्याच हातात आहे. “तू काहीही सांगितलंस तरी तुझी शाळा सुटणार नाही,” हे वाक्य लेकीनं काही सांगायच्या आधी तिच्या कानावर पडलं पाहिजे.

नाव झाकायचं, गुन्हा नाही

इथे सावित्रीबाईंची आठवण काढावीच लागते. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेणमाती आली, हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. त्यांचं दुसरं काम आपण कमी सांगतो. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवावं किंवा न्यावं. बाईचं नाव बाहेर फुटणार नाही, हा त्या घराचा नियमच होता. बाईचं नाव झाकायचं, पण तिच्यावर झालेला अन्याय झाकायचा नाही, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. अन्याय झाकतो, आणि पोरीचं नाव मात्र गावभर होतं.

त्याच सावित्रीबाईंच्या नावानं राज्य सरकारनं १० मार्च २०२२ ला आदेश काढला, की प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी. मुलामुलींची सुरक्षितता, तक्रारी, शाळा सोडलेल्या मुलींना परत आणणं, बालविवाह थांबवणं, ही तिची कामं. शाळेत तक्रारपेटी लावायचा आदेश त्याच्याही आधीचा आहे. बदलापूरनंतर तपासणी झाली तेव्हा कितीतरी शाळांत ही समिती फक्त कागदावर असल्याचं समोर आलं. इथे गंमत उलटी आहे बघा. गुन्हा कागदावर येत नाही, आणि समिती कागदावरून खाली उतरत नाही.

आपण शोध घ्यायचा का?

पॉडकास्टची गोष्ट ऐकल्यावर कुणीही विचारेल, आपणही रेडिओवर असं करावं का? भारतात २००६ साली संस्थांना आणि लोकांच्या गटांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. २००८ साली तेलंगणातल्या माचनूर गावात दलित बायांनी संगम रेडिओ सुरू केला. त्याच वर्षी साताऱ्याच्या म्हसवडमध्ये माणदेशी तरंग सुरू झाला. बियाणं, आजार, बचत, गाणी, सगळं बाया स्वतः बोलतात. पण सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. आणि पोक्सोच्या २३ व्या कलमानुसार पीडित लेकराचं नाव, गाव, शाळा, घरचे, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे.

म्हणून आमचं ठाम मत आहे, की लेकराचं सांगणं मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. हेतू चांगला असला तरी ती क्लिप एका गटातून दुसऱ्या गटात जाते आणि परत हाती येत नाही. कोर्टातही ऑस्ट्रेलियासारखी अडचण उभी राहू शकते. दहा जणींनी दहा वेळा विचारू नका. लेकराचा जिच्यावर विश्वास आहे अशा एकीनं एकदाच शांतपणे ऐकावं. “तू का गेलीस,” “आधी का नाही सांगितलंस,” असं विचारू नये. काय सांगितलं आणि कोणत्या तारखेला, ते लेकराच्याच शब्दांत लिहून ठेवावं आणि १०९८ ला किंवा पोलिसांना कळवावं. मास्तराला गाठून मारायचं नाही, पंचांसमोर मिटवायचं नाही, पैसे घेऊन सोडायचं नाही. आरोप खरा की खोटा, हे ठरवायचं काम तपासाचं आणि कोर्टाचं आहे. बहुतेक गुरुजी आणि बाई लेकरांसाठी जीव टाकतात. त्यांचाही मान राखायचा तर तपास नीट झालाच पाहिजे.

कायदा तुमच्या बाजूनं काय देतो, तेही ऐका. गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर कळवायचं बंधन आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि अंगावर पोलिसांचा गणवेश नसावा. लेकराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. उपचार आणि आर्थिक मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे.

आता एक काम सांगतो. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य बाया असतात. म्हणजे तुमच्या गटातली कुणीतरी तिथे असणार, निदान कागदावर. पुढच्या महिन्याच्या हप्त्याच्या बैठकीत दोघींची नावं ठरवा. त्यांनी शाळेत जाऊन नीट, मानानं तीन गोष्टी विचाराव्यात. सखी सावित्री समितीत कोण कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली? तक्रारपेटी कुठे आहे, ती कुणासमोर उघडतात? १०९८ हा नंबर लेकरांना दिसेल असा भिंतीवर लिहिला आहे का? नसेल तर रंगाचा डबा गटानं द्यावा. मिळालेली उत्तरं गटाच्या इतिवृत्तात तारखेसह लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.

पुढे कधी गावात कुणी म्हणालं, सगळ्यांना ठाऊक होतं, तर त्या वहीत निदान एवढं तरी लिहिलेलं असेल, की आम्ही विचारलं होतं.